धूर, ऊन आणि वीजबिल : वस्तीतल्या घराचे आरोग्य

ऊर्जा वाचवा म्हटले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न येतो, ‘आधीच एक पंखा आणि दोन दिवे, त्यात वाचवायचे काय?’ प्रश्न रास्त आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. देशाची गरिबी हटवायची तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ही त्यांची भूमिका होती. त्यामुळे बचत म्हणजे गरिबाने अंधारात बसणे नव्हे. जे सरपण आणि जी वीज वाया जाते, तीच आपल्याला आजारीही पाडते. ते वाया जाणे थांबवायचे आहे.

धूर म्हणजे न जळलेले सरपण

शेवगाव-पाथर्डीकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या, राहुरी-श्रीरामपूरकडे उसाचे पाचट, शिवाय बाभळीची लाकडे आणि गोवऱ्या. जिल्ह्यातल्या कितीतरी चुली अजून यावर पेटतात. ऊसतोडीच्या कोपीवर तर दुसरा इलाज नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती. मुलांना न्यूमोनिया, बायांना जुनाट खोकला, दम लागणे, मोतीबिंदू आणि हृदयविकार यांचा धोका या धुराने वाढतो.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅसजोडणी घरातल्या बाईच्या नावावर आली. पण सिलिंडर महाग म्हणून तो कोपऱ्यात आणि चूल पुन्हा घरात, असे होते. निदान एवढे करा :

– घरातला स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचे पाणी बाहेरच्या चुलीवर.
– डाळ, कडधान्य आधी भिजवा. कुकर वापरा, पातेल्यावर झाकण ठेवा. सिलिंडर जास्त दिवस जातो.
– सरपण वाळलेलेच वापरा. ओल्या लाकडाची बरीच आग पाणी उडवण्यातच जाते आणि धूर वाढतो.
– चूल पेटवायला प्लॅस्टिक, टायर, रबरी चप्पल कधीही जाळू नका.
– तान्हे मूल आणि गरोदर बाई चुलीपासून लांब असू द्या.
– थंडीत दार लावून आत शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

वंदनेच्या वेळी लहान खोलीत अगरबत्ती लावली तर दार-खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर मेणबत्ती आणि फुले पुरेशी आहेत.

युनिटचा हिशेब

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. ९ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड दीड युनिटच्या आत देतो. शिवाय पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो आणि खोली तापवतो. ७५ वॅटचा पंखा रोज १५ तास चालला तर महिन्याला जवळजवळ ३४ युनिट होतात. ३० वॅटच्या नव्या पंख्याला साडेतेरा पुरतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांच्या पुढे एकदम वाढतो, म्हणून तो आकडा लक्षात ठेवा.

आकडा टाकून किंवा उघड्या वायरीवर घेतलेली वीज स्वस्त नसते. पावसाळ्यात ओला पत्रा आणि सोललेली वायर एकत्र आली की माणूस जातो.

पत्र्याला चुना

उन्हाळ्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घराची भट्टी होते. म्हातारी माणसे आणि लेकरे यांना उष्माघात गाठतो, पंखाही गरम हवाच फिरवतो. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परतते आणि आतली उष्णता काही अंशांनी उतरते. चुना धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळा. चुना कालवताना डोळे जपा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो फुटतो. फळी टाकूनच चढा. सिमेंटचा पत्रा खरवडूही नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

१४ एप्रिलच्या आधी आपण घराच्या भिंती रंगवतोच. ऊनही तेव्हाच तापू लागते. यंदाच्या जयंतीला तरुण मंडळाने चुना एकत्र आणावा आणि भिंतींबरोबर वस्तीतले पत्रेही पांढरे करावेत. सुरुवात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरापासून करावी.

नमो बुद्धाय! जयभीम!