खोल पाण्यात धूर सोडायचा कुठे?

डिझेल-विद्युत पाणबुडी पाण्याखाली चालते ती बॅटरीवर. बॅटरी उतरली की इंजिन सुरू करावं लागतं आणि इंजिनाला हवा लागते. मग पाणबुडी वर येऊन स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढते. शत्रूचं रडार याच क्षणाची वाट पाहत असतं. हा धोका टाळण्यासाठी ‘एआयपी’, म्हणजे बाहेरच्या हवेवाचून वीज देणारी यंत्रणा आली. ती असली की पाणबुडी दोन-दोन आठवडे खालीच राहू शकते.

आजच्या अशा यंत्रणा उणे 183 अंशांचा द्रवरूप ऑक्सिजन टाकीत भरून नेतात. एवढं सहज समजतं. मला थक्क केलं ते पुढच्या प्रश्नाने: जळून उरलेल्या वायूचं करायचं काय? दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दोनशे मीटरवर वायू बाहेर टाकायचा तर त्याचा स्वतःचा दाब वीस वातावरणांच्या वर हवा. कोणती यंत्रणा निवडायची, याचं अर्धं उत्तर या दाबात दडलेलं आहे.

स्वीडनने त्यासाठी रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या 1816 मधल्या इंजिनाकडे वळून पाहिलं. त्यात इंधन सिलिंडरच्या आत नव्हे, बाहेर जळतं. म्हणून आवाज अगदी कमी, आणि ज्वलनकक्षात दाब हवा तेवढा वाढवता येतो. वायू आपल्याच जोराने समुद्रात जातो. 1996 मध्ये नौदलात आलेली ‘गॉटलंड’ याच इंजिनांवर चालते. अमेरिकेने 2005 मध्ये ती सरावासाठी भाड्याने घेतली, तेव्हा ‘रोनाल्ड रेगन’ या विमानवाहू नौकेचं संरक्षक कडं भेदून ती आत शिरली. फ्रान्सच्या ‘मेस्मा’त इथेनॉल साठ वातावरणांच्या दाबाखाली जाळून वाफेची टर्बाइन फिरवतात, पाकिस्तानच्या अगोस्टा पाणबुड्यांवर ती आहे.

जर्मनीने मात्र धूरच होऊ द्यायचा नाही असं ठरवलं. इंधन-घटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते आणि मागे उरतं ते फक्त पाणी. पण हायड्रोजन साठवणं महाकठीण. 212ए वर्गाच्या पाणबुड्यांत तो धातूच्या मिश्रणात मुरवून ठेवतात. शंभर किलो मिश्रधातूत जेमतेम दोन किलो हायड्रोजन मावतो. विमानात किंवा मोटारीत हे ओझं परवडणार नाही. पाणबुडीला मात्र बुडण्यासाठी वजन लागतंच! ही युक्ती मला फार देखणी वाटते.

चौथं उत्तर आपल्या अंबरनाथचं. तिथल्या डीआरडीओच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने, म्हणजे एनएमआरएलने, हायड्रोजन साठवायचाच नाही, लागेल तसा पाणबुडीतच बनवायचा, असा मार्ग धरला. सोडियम बोरोहायड्राइडची पाण्याशी क्रिया घडवली की हायड्रोजन सुटतो. गंमत अशी, की त्यातला निम्मा हायड्रोजन त्या पाण्यातूनच येतो. पुढे फॉस्फोरिक आम्लाच्या इंधन-घटात त्या सगळ्या हायड्रोजनचं पुन्हा पाणी होतं आणि रासायनिक हिशेबाने ते क्रियेत खर्च झालेल्या पाण्याच्या दुप्पट भरतं. उरलेला बोरेट पाणबुडीतच ठेवता येतो, बाहेर काही सोडावं लागत नाही. या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी मार्च 2021 मध्ये यशस्वी झाली.

एआयपीची मर्यादाही मोठी आहे. तिची ताकद सावकाश चालण्यापुरतीच, ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या आसपास. सुसाट पळायचं तर बॅटरीच हवी. म्हणून तर जपानने स्टर्लिंग इंजिनं बरीच वर्षं वापरल्यावर 2020 च्या ‘ओर्यू’पासून ती काढून टाकली आणि लिथियम-आयन बॅटऱ्यांना जागा दिली. चपळाई महत्त्वाची असेल तर तो निर्णय बरोबर आहे. एकाच टापूत दिवसेंदिवस दबा धरून बसायचं असेल, तर मात्र इंधन-घटच सरस ठरतो. हायड्रोजनच्या साठ्याची जोखीम टाळणारी अंबरनाथची वाट मला आपल्यासाठी सर्वांत शहाणपणाची वाटते. डिसेंबर 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने मुंबईच्या माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटी रुपयांचा करार केला, तो हीच यंत्रणा पाणबुड्यांत बसवण्यासाठी.