रागावाचून शिवी

‘हल्लीची पोरं फार शिव्या देतात’ ही तक्रार माझ्या वयाची चार माणसं जमली की हमखास निघते. तक्रार करणाऱ्यांतले कितीतरी पुरुष ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या कट्ट्यावर काय बोलायचे, हे आम्हा मुलींना चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे शिव्या वाढल्या की नाही, या वादात मी पडत नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत शिवीचं ठिकाण बदललं, ती कुणाच्या देखत द्यायची याचे नियम बदलले, आणि देताना राग यायला हवा ही अट तर पार उडाली. शिवीच्या आत बसवलेली बाई मात्र जागची हललेली नाही.

मी शिकले कोल्हापुरात. तिथे शिवी आणि माया यांच्यात भिंत अशी फारशी नव्हतीच. ‘काय रांडच्या, कवा आलास?’ असं मित्र मित्राला म्हणे, चुलता पुतण्याला म्हणे, आणि परगावाहून आलेल्या नातवाच्या पाठीवरून हात फिरवत आजीही म्हणे. त्या आजीला ऐन तारुण्यात वैधव्य आलेलं असलं आणि त्यातला ‘रांड’ हा शब्द तिने सासरी शिवी म्हणून वर्षानुवर्षं ऐकलेला असला, तरीही. कोल्हापूरकर हे सगळं कौतुकानं सांगतात. मीही सांगत आले. पण आजीच्या तोंडी तो शब्द कुठून आला, हे त्या कौतुकात कुणी विचारत नाही.

कट्ट्यावरचा कायदा वेगळा होता. बाई दिसली की जीभ आवरायची. आम्ही जिन्यावरून उतरायला लागलो की खालची चर्चा एकदम गावसकरच्या बॅटिंगवर यायची. याला सगळे सभ्यता म्हणत. मला आता ती मुलांनी स्वतःसाठी करून घेतलेली सोय वाटते. शब्द आमच्याविषयीचे, फक्त आमच्या कानावर पडायचे नाहीत. आम्हाला ते येत नव्हते असं मुळीच नाही. सगळे येत होते. म्हणायची मुभा नव्हती, इतकंच.

बायकांची शिव्यांची पेठ निराळी होती. पुरुषाला घालायच्या त्या मेल्या, मुडद्या; बाईला घालायच्या त्या सटवी, टवळी, अवदसा, पांढऱ्या पायाची. म्हणजे पुरुषाला मरण चिंतायचं आणि बाईचं चारित्र्य नाहीतर पायगुण काढायचा. ही वाटणी शेकडो वर्षं बायकांनीच इमानेइतबारे सांभाळली, हेही नोंदवायला हवं. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या मधून ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका काठावर उभ्या राहून, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. वर्षाकाठी एकदा, वाजतगाजत, उघड्यावर. बाकीचे दिवस तोंडाला कुलूप.

साहित्यात शिवी आली तेव्हाही भांडण झालं, पण वेगळंच. १९६५ मध्ये भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’तली मुंबईची नाक्यावरची पोरं बोलू लागली आणि आचार्य अत्रे कडाडले. १९७२ मध्ये ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याच सुमाराला तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वरून सेन्सॉरशी वाजलं. वाद घातला गेला तो अश्लील की वास्तव, असा. शिवीत बाईच का, हा प्रश्न त्या वादात कुठल्याच बाजूला धडपणे आला नाही.

मी पुण्यात शिकवायला लागले ते नव्वदच्या दशकात, आणि खरी उलथापालथ पाहिली ती वर्गात आणि वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये. इंजिनिअरिंगची खासगी कॉलेजं वाढली, देशभरातली मुलं एका हॉस्टेलात आली आणि आमच्या गावरान शिव्यांची जागा दोन हिंदी शिव्यांनी घेतली. पुढे त्यांचीही इंग्रजी आद्याक्षरं झाली: बीसी, एमसी. यातली गंमत अशी, की आमच्या वेळी ‘एमसी’ म्हणजे पाळी. मुली एकमेकींच्या कानात कुजबुजायच्या तीच दोन अक्षरं मुलं मैदानभर ओरडू लागली.

मग पडदा बोलू लागला. २०१० मध्ये महेश मांजरेकरांच्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’च्या नावावरूनच गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ‘डेल्ही बेली’ आला आणि त्यातलं एक गाणं, भरभर म्हटलं की शिवी ऐकू येणारं, गॅदरिंगमध्ये प्राध्यापकांसमोर वाजू लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत एआयबी या विनोदवीरांच्या गटाचा, जाहीर टर उडवणारा ‘रोस्ट’ झाला, व्हिडिओ आला, चौकशीची घोषणा झाली, व्हिडिओ उतरला. पाठोपाठ सेन्सॉर बोर्डाची वर्ज्य शब्दांची यादी बाहेर फुटली आणि विरोधामुळे बाजूलाही पडली. माझ्या विद्यार्थ्यांना त्या यादीची फार मजा वाटली होती. आपल्याला किती येतात हे ते मोजून पाहत होते.

तरी माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट सप्टेंबर २०१६ मध्ये घडली. जिओ आलं. स्वस्त डेटानं शिवी कट्ट्यावरून उचलून थेट घरात, कानातल्या इअरफोनमध्ये आणून ठेवली. २०१८ मध्ये ‘सेक्रेड गेम्स’ आणि ‘मिर्झापूर’ आले, त्याच वर्षी पब्जी हा गेम मोबाइलवर आला. आणि २०२० चा लॉकडाऊन म्हणजे या सगळ्याचं प्रात्यक्षिकच. आमच्या सोसायटीत समोरच्या घरात दहावीतला मुलगा. समोरच्या स्क्रीनवर ऑनलाइन तास म्यूटवर, हातात फोन, डोक्यावर हेडफोन. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं: ‘अबे मागे आहे ना तो, रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे’, आणि दर दोन शब्दांमागे समोरच्याची आई. आवाजात रागाचा लवलेश नाही. वाक्यात श्वास घ्यायला जागा हवी म्हणून शिवी. त्याची स्वतःची आई दोन हातांवर भाजी चिरत बसलेली. शेवटी वडील उठून आले आणि म्हणाले, ‘अरे, हळू बोल, लोक ऐकतायत.’ बोलू नको, असं नाही. हळू बोल. आमच्या जिन्याचाच कायदा, फक्त आता पाळायला जिना उरला नव्हता.

याच काळात मुलीही बोलू लागल्या. २०१८ च्या ‘वीरे दी वेडिंग’वर संस्कृतिरक्षक उखडले ते त्यातल्या मैत्रिणी शिव्या देतात म्हणूनही. त्याच्या कितीतरी आधीपासून एफसी रोडवर मी तेच ऐकत होते. मला याचा आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? जे शब्द येत असून आम्ही गिळले, ते या पोरी चहाच्या टपरीवर मोकळेपणानं म्हणत होत्या. एकीला मी हटकलं तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, मुलगा बोलला तर बिनधास्त आणि मी बोलले तर संस्कार?’ बिनतोड मुद्दा. पुढे मी म्हटलं, अगं, पण शिवीत आई कुणाची असते? त्यावर तिचं उत्तर होतं, ‘अर्थ कोण बघतं हो, मॅडम!’

मित्रामित्रांत कुणी बघत नाही, हे खरंच. पण अर्थ गेलेला नसतो, समोर बाई आली की तो उठून बसतो. मुंबईत शाळेतून येणाऱ्या मुलीला २०१५ मध्ये एकाने ‘आयटम’ म्हटलं, केस ओढले. २०२२ मध्ये विशेष पॉक्सो न्यायालयाने त्याला दीड वर्षाची शिक्षा दिली. मुलीला तसं संबोधणं अवमानकारकच आहे, असं स्पष्ट म्हटलं. किती मुलं हा शब्द दिवसभर वापरतात! त्याच वर्षी, जानेवारीत, मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारं ‘बुल्ली बाई’ प्रकरण मुंबई पोलिसांकडे आलं. ॲपचं नावच मुळी शिवीतून आलेलं. पकडलेले बहुतेक आरोपी कॉलेजच्या वयाचे, त्यांत एक अठरा वर्षांची मुलगी.

न्यायालयांनाही या बोलीनं पेचात टाकलं. ‘कॉलेज रोमान्स’ या मालिकेतली भाषा ऐकायला आपल्याला इअरफोन लावावे लागले, असं दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी २०२३ मध्ये नोंदवलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: शिवराळ म्हणजे अश्लील नव्हे, कारण अशा शब्दांनी सर्वसामान्य प्रेक्षकाची वासना चाळवत नाही. कायदा म्हणून मला ते पटतं. शिव्यांसाठी पोरांना कोर्टात खेचू नये. पण वासना चाळवली का, हा प्रश्न पुन्हा ऐकणाऱ्या पुरुषाच्या बाजूनं विचारलेला आहे.

म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंडाचा ठराव केला. शहरातल्या लोकांनी थट्टा केली. दंड वसूल कोण करणार आणि रागाच्या भरात पावती कोण फाडणार, अशा शंका मलाही आहेत. शिवाय ‘बांगड्या भर’, ‘बायल्या’, ‘पोरीसारखा रडतोस काय’ यांना ५०० रुपये लागत नाहीत. ही वाक्यं तर सभांच्या व्यासपीठावरून टाळ्या घेतात, आणि मोर्चेकरी अधिकाऱ्याच्या टेबलावर खरोखरच्या बांगड्या ठेवून फोटो काढतात. पण ठरावात कारण दिलं होतं ते स्त्रियांच्या सन्मानाचं. अत्र्यांपासून सेन्सॉर बोर्डापर्यंत मोठमोठ्या माणसांनी जो मुद्दा बाजूला ठेवला, तो एका लहान गावाच्या सभेनं सरळ मांडला.

यंदा वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थिनीनं तिचा अनुभव सांगितला. ती रात्री ऑनलाइन गेम खेळते, मुलाच्या नावानं, माइक बंद ठेवून. टीममधली अनोळखी मुलं एकमेकांच्या आया काढत असतात, ते तिला आता ऐकूही येत नाही. एकदा शत्रू अगदी पाठीशी आला म्हणून तिनं घाईत माइक चालू केला आणि ‘मागे बघ’ एवढंच ओरडली. क्षणभर शांतता, मग हशा, मग त्याच शिव्या. फक्त त्यांतली आई गेली होती आणि तिथे ती स्वतः आली होती. सामना संपेपर्यंत गेमविषयी कुणी बोललं नाही, सगळे तिच्याविषयीच बोलत होते. तेव्हापासून ती अनोळखी लोकांबरोबर खेळत नाही. हॉस्टेलवरच्या तीन मैत्रिणी आणि ती, अशी चौघींची टीम आहे. तिथे सगळ्यांचे माइक चालू असतात आणि, तिनंच हसत सांगितलं, चौघी एकमेकींना यथेच्छ शिव्या घालतात. कुठल्या, असं मी विचारलं. त्याच, म्हणाली.