एक टॉवर, अनेक फोन : लहरींचे वाटप

मोबाईल टॉवरकडे वाटण्याजोग्या दोनच गोष्टी असतात : फ्रिक्वेन्सीचा ठरावीक पट्टा आणि ठरावीक शक्ती. बेंगळुरूत मे २०१२ मध्ये एअरटेलची फोर-जी सेवा सुरू झाली, ती २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. फोर-जीमध्ये पट्ट्याचे १८० किलोहर्ट्झचे तुकडे पाडतात. २० मेगाहर्ट्झमध्ये असे १०० तुकडे बसतात. कोणता तुकडा कोणाला, हे टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो. सिग्नल कसा मिळतो आहे, हे फोन टॉवरला सतत कळवत असतो.

समजा, बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकात टॉवरजवळच्या फोनला सगळा पट्टा दिला तर सेकंदाला ४० मेगाबिट मिळतात आणि आडोशाच्या फोनला ४. सगळा वेळ पहिल्याला दिला तर एकूण वेग ४० होतो, पण दुसरा उपाशी राहतो. दोघांना समान वेग द्यायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.६ येतात आणि एकूण वेग सातच्या आसपास घसरतो. वेळ निम्मा-निम्मा वाटला तर २० आणि २ मिळतात. म्हणून बहुतेक ठिकाणी मधला मार्ग धरतात : ज्याला या क्षणी स्वतःच्या आजवरच्या सरासरीच्या मानाने जास्त वेग मिळू शकतो, त्याचा नंबर आधी.

शक्तीचा हिशेब वेगळा. थ्री-जीत सगळे फोन एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलत. जवळचा फोन जोरात बोलला की लांबच्याचा आवाज त्यात बुडे. त्यामुळे टॉवर फोनला सेकंदाला १५०० वेळा शक्ती कमी-जास्त करायला सांगे. फोर-जी फोनची कमाल शक्ती साधारण २०० मिलिवॉट असते. टॉवरनेही शक्ती वाढवली की शेजारच्या टॉवरच्या ग्राहकांना व्यत्यय येतो. शिवाय सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. फोशिनी आणि मिल्यानिच या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले, की प्रत्येकाने फक्त स्वतःच्या सिग्नलचा दर्जा पाहून शक्ती बदलली तरी, सर्वांची गरज भागणे शक्य असेल तर, सगळे मिळून किमान शक्तीवर स्थिरावतात.

सर्वोत्तम वाटप शोधणे मात्र अवघड. १० फोन आणि १०० तुकडे असले तर वाटपाच्या रीती होतात एकावर शंभर शून्ये, आणि निर्णयाला वेळ एक मिलिसेकंद. त्यामुळे झटपट आणि पुरेसे चांगले उत्तर देणारे नियम शोधावे लागतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बिनतारी संपर्कावर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे; याच क्षेत्रातले तेथील प्रा. नीलेश मेहता यांना २०१७ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पट्टा महाग आणि मर्यादित आहे. तो किती घेतला याइतकेच तो कसा वाटला, यावरही शहराचे नेटवर्क अवलंबून असते.