छोट्या घरगुती गॅरेजसाठी मोटार-लिफ्टची निवड : सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग सातारा जिल्ह्यातील शिरवळ, सातारा व कराड येथून पुढे सांगली जिल्ह्यातील पेठ नाक्याकडे जातो. या मार्गालगत, तसेच सातारा, सांगली व मिरज या शहरांच्या उपनगरांत, घराच्या तळमजल्यावर किंवा अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी मोटार दुरुस्तीची छोटी गॅरेजेस आढळतात. अशा ठिकाणी जॅकने गाडी उचलून, खाली लाकडी ठोकळे वा दगड लावून मेकॅनिक पाठीवर झोपून काम करतो. जॅकमधील एक रबरी सील निकामी झाले तरी गाडी खाली येते. त्यामुळे लिफ्ट बसविणे हा सोयीपेक्षा जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. लिफ्टची निवड मात्र बहुधा किंमत आणि वजन उचलण्याची क्षमता या दोनच निकषांवर केली जाते. वास्तविक ही निवड प्रथम जागेने ठरते. छताची उंची, जमिनीचे स्वरूप व पाण्याची पातळी हे त्यातील निर्णायक घटक होत. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन केले आहे.

कार्यतत्त्व व प्रकार

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या पास्कलच्या नियमावर हायड्रॉलिक लिफ्ट चालते. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौ. सेंमी. व मोठ्याचे २० चौ. सेंमी. असल्यास ५० किलोच्या जोराने १,००० किलो भार उचलता येतो. तथापि तेलाचा दाब गाडी वर नेतो. ती तेथे सुरक्षित धरून ठेवण्याचे काम यांत्रिक खटक्याने, म्हणजे लॉकने, व्हावयास हवे. नळी फुटली तरी लॉकवर टेकलेली गाडी खाली येत नाही.

प्रचलित लिफ्टचे मुख्य प्रकार तीन आहेत. टू-पोस्ट लिफ्टमध्ये दोन खांबांच्या भुजा गाडीला खालून उचलतात. चारही चाके मोकळी राहतात. फोर-पोस्ट लिफ्टमध्ये गाडी पट्ट्यांवर चाकांनिशी उभी राहते. ती स्थिर असली तरी जागा अधिक व्यापते आणि चाक काढण्यासाठी निराळा जॅक लागतो. सिझर लिफ्ट कात्रीसारखी उघडते. तिचा मध्यम उंचीचा प्रकार गाडी सुमारे एक मीटर उचलतो.

छताची उंची

आरसीसी घरात फरशीपासून स्लॅबपर्यंत सामान्यतः १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर असते. वॅगन-आरसारख्या गाडीची उंची सुमारे १.६८ मीटर आहे. वर १५ सेंमी. मोकळी जागा सोडल्यास ती फार तर १.२२ मीटर उचलता येईल. सुमारे १.८८ मीटर उंचीच्या बोलेरोबाबत हीच मर्यादा १.०२ मीटर येते. स्लॅबखाली तुळई असल्यास ती आणखी घटते. याचा अर्थ, १.८ मीटर उचलणारी टू-पोस्ट लिफ्ट अशा खोलीत घेतल्यास तिची बरीचशी क्षमता निरुपयोगी ठरते. शिवाय ज्या लिफ्टचे दोन्ही खांब वरून जोडलेले असतात, ती १० फुटी स्लॅबखाली मावतच नाही.

जमीन व पाया

टू-पोस्ट लिफ्टमध्ये भार खांबाच्या पुढे भुजांवर असल्याने खांब आतल्या बाजूस कलू पाहतो. उदाहरणादाखल, १,६०० किलोच्या गाडीचा ८०० किलो भार एका खांबावर येतो. तो बैठकीच्या आतील कडेपासून ०.८ मीटर आणि मागील बोल्ट त्याच कडेपासून ०.४ मीटर अंतरावर मानल्यास, मागील बोल्टवर सुमारे १,६०० किलोचा वर खेचणारा ताण येतो. म्हणजे संपूर्ण गाडीच्या वजनाइतका ताण एकाच खांबाच्या बोल्टांनी पेलावा लागतो. शहाबादी फरशी किंवा घरगुती कोबा हा ताण सहन करू शकत नाही. उत्पादक सामान्यतः १०० ते १५० मिमी. जाडीच्या, पूर्ण मुरलेल्या मजबूत काँक्रीटची अट घालतात.

येथे दोन्ही शहरांतील भेद महत्त्वाचा ठरतो. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या साताऱ्यात मुरूम व बेसाल्ट खडक अनेक ठिकाणी कमी खोलीवर लागतो. परंतु उतारावरील घरांची जोती भराव टाकून उचललेली असतात. भराव नीट दाबलेला नसेल तर त्यावरील काँक्रीट खचते. सांगली परिसरातील कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे माती काढून मुरमाचा थर दिल्याशिवाय खांब ओळंब्यात राहणे कठीण आहे. मातीच्या परीक्षणाबाबत सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या स्थापत्य विभागांकडे विचारणा करणे उपयुक्त ठरेल.

सिझर लिफ्टचा भार मुख्यतः सरळ खाली येतो. बोल्टवर तितका ताण येत नसल्याने तिला सपाट व पक्की जमीन पुरते. पोकळ फरशी मात्र तिलाही चालत नाही. डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप लक्षात घेता, या प्रदेशात गाडी तेलाच्या दाबावर रात्रभर उंच ठेवणे सर्वथा टाळावे.

पाणी व वीज

लिफ्टऐवजी खड्डा खणणे हा स्वस्त पर्याय मानला जातो. परंतु पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्यात साचते व एका ठिणगीने पेट घेऊ शकते. पावसाळ्यात त्यात पाणीही झिरपते. सांगलीने २००५, २०१९ व २०२१ मध्ये महापूर अनुभवले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. पूरक्षेत्रात खड्डा किंवा जमिनीत पुरलेली लिफ्ट टाळावी आणि मोटार व तेलाची टाकी हलविता येईल अशी लिफ्ट निवडावी.

घरगुती वीजजोडणी बहुधा सिंगल-फेज असते. थ्री-फेज मोटारीची लिफ्ट घेतल्यास जोडणीचा अतिरिक्त खर्च येतो. वीज खंडित झाल्यास गाडी हाताने सावकाश उतरविण्याची सोय आहे की नाही, हेही तपासावे.

निष्कर्ष

१. दहा फुटी स्लॅबखालील गॅरेजसाठी यांत्रिक लॉक असलेली मध्यम उंचीची सिझर लिफ्ट सर्वसाधारणपणे योग्य ठरते.

२. उंच शेड व नव्याने घातलेला पाया असेल तरच टू-पोस्ट लिफ्टचा विचार करावा.

३. क्षमता ठरविताना सर्वांत जड गाडी गृहीत धरावी आणि उत्पादकाने दर्शविलेल्या ठिकाणीच आधार द्यावा. विद्युत मोटारींच्या तळाशी बॅटरी असल्याने ही दक्षता अधिक आवश्यक आहे.

४. युरोपीय ईएन १४९३ सारख्या मानकानुसार चाचणी झाल्याचा दाखला मागावा. जुनी लिफ्ट घेताना लॉक, वायर-दोर व वेल्डिंग तपासावे.

५. ज्याला लिफ्ट परवडत नाही, त्याने निदान दगड व ठोकळे सोडून योग्य क्षमतेचे जॅक स्टँड वापरावेत. लिफ्टच्या तुलनेत हा खर्च अल्प आहे आणि गाडीखाली शिरणाऱ्याच्या जीवाचे रक्षण त्यानेही होते.