दोनदा आलेला ‘ऑफ’

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्यासंबंधीचे शासन निर्णय राज्य सरकारने 29 जून 2025 रोजी मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली, तेव्हापासून कोणती भाषा कोणत्या इयत्तेत यावी याचा खल महाराष्ट्रात भरपूर झाला आहे; परंतु रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, पहिलीच्या वर्गात आलेली इंग्रजी दहा वर्षे शिकूनही मराठी माध्यमाचा विद्यार्थी ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ यांच्यापाशी का अडखळतो, हा प्रश्न त्या वादाच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही.

या अडखळण्याचे मूळ विद्यार्थ्याच्या आळसात नसून त्याच्या मातृभाषेच्या घडणीत आहे. छत्रपती संभाजीनगरचा मुलगा ‘शहरात’ आणि ‘क्रांती चौकात’ हे दोन्ही शब्द एकाच ‘त’ प्रत्ययाने साधतो. इंग्रजीला मात्र शहर हे आत सामावून घेणारे क्षेत्र वाटते म्हणून तेथे ‘इन’, आणि चौक हा नकाशावरचा बिंदू वाटतो म्हणून तेथे बहुधा ‘ॲट’ लागतो. ‘जालना रोडवर’ म्हणताना ‘वर’ आणि ‘ऑन’ यांची जोडी नीट जुळते, पण झाडावरचा आंबा ‘ऑन’ आणि झाडावरचा पोपट ‘इन’ असे कळले की तीच जोडी दगा देते. ‘सोमवारी’ आणि ‘रात्री’ यांतील एकाच ‘ई’ला इंग्रजीत अनुक्रमे ‘ऑन’ आणि ‘ॲट’ असे दोन प्रतिशब्द आहेत. सर्वांत फसवा शब्द ‘पासून’ हा होय: ‘2020पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्ही प्रयोगांत मराठी तो बिनदिक्कत वापरते, तर इंग्रजी आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ असा भेद करते, आणि म्हणूनच ‘सिन्स टू इयर्स’ ही चूक दहावीच्या उत्तरपत्रिकेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत सोबत करते.

यात व्याकरणाच्या परिभाषेचाही थोडा दोष आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836च्या व्याकरणापासून मराठी शब्दांच्या जाती इंग्रजी साच्याच्या धर्तीवर मांडल्या गेल्या आणि ‘प्रिपोझिशन’साठी ‘शब्दयोगी अव्यय’ ही संज्ञा वर्गात रूढ झाली. प्रत्यक्षात इंग्रजीत नामाच्या आधी येणारा हा छोटा शब्द जे काम करतो, ते मराठीत नामाच्या मागून येणारी शब्दयोगी अव्यये आणि विभक्तीचे प्रत्यय असे दोघे मिळून करतात. एकास एक प्रतिशब्द शोधणाऱ्या मुलाला ही वाटणी कोणी सांगत नाही. तो गाळलेल्या जागा भरतो, गाईडमधील यादी पाठ करतो, आणि परीक्षा संपली की यादीही संपते.

समांतर रचनेची गत याहून वाईट आहे. वाक्यात एकाच दर्जाने आलेल्या घटकांना एकाच घडणीचे रूप देणे म्हणजे समांतर रचना, आणि तिची जाण मराठी कानाला उपजतच असते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणाऱ्या समाजाला ‘तिला पोहायला, वाचायला आणि चित्र काढणे आवडते’ हे वाक्य लगेच खटकते. तरीही ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ वापरून वाक्य पुन्हा लिहा, असा प्रश्न आला की ‘ही नॉट ओन्ली प्लेज ॲट स्कूल बट ऑल्सो ॲट होम’ असे उत्तर येते, ज्यात जोडीचा पहिला भाग क्रियापदाआधी आणि दुसरा ‘ॲट’च्या आधी पडतो. ‘केवळ शाळेतच नव्हे, तर घरीही’ हे मराठी रूप आधी उच्चारून घेतले, तर ‘प्लेज’ हा शब्द जोडीच्या बाहेर, तिच्या आधी ठेवायचा, हे विद्यार्थ्याला आपोआप उमगते.

या दोन्ही विषयांचा एकत्र पाठ राज्यातील प्रत्येक शाळेला आधीच मिळालेला आहे, पण तो व्याकरणाच्या तासाला कोणी उघडत नाही. 26 जानेवारी 2020पासून राज्यातील शाळांच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेच्या सामूहिक वाचनाचा आग्रह धरला गेला. मराठी पाठ्यपुस्तकांत ती मराठीत आणि इंग्रजी पुस्तकांत इंग्रजीत छापलेली असते. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली ज्या छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालय सुरू केले, त्या शहराने तरी हा पाठ भाषेच्या तासाला वाचावा. ‘लिबर्टी’नंतर विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना अशा पाच नामांना मिळून एकच ‘ऑफ’ पुरतो, आणि मराठी पाठही ‘यांचे’ या एका शब्दात पाचांना बांधतो; लगेच पुढे ‘इक्वॅलिटी’ला मात्र दर्जा आणि संधी या दोहोंपुढे स्वतंत्र ‘ऑफ’ लागतो, आणि मराठीही ‘दर्जाची व संधीची’ असा ‘ची’ दोनदा उच्चारते. नियम असा की शब्द एकदाच सर्वांसाठी ठेवावा किंवा प्रत्येकापुढे ठेवावा, मधल्या एखाद्यापुढेच ठेवू नये. आणि दुसरी निवड केली की प्रत्येक घटकाला वेगळे वजन येते. दर्जाची समानता मिळाली म्हणून संधीची मिळालीच असे नाही, हे त्या दुसऱ्या ‘ऑफ’मध्ये ऐकू येते, असे म्हणणे फारसे धाडसाचे ठरू नये.

त्याच वाक्यात ‘टू सिक्युअर’ आणि ‘टू प्रमोट’ ही क्रियारूपे समांतर उभी आहेत, मराठीत ‘देण्याचा’ आणि ‘करण्याचा’ तशीच. परंतु पहिले क्रियापद नागरिकांआधी ‘टू’ मागते आणि दुसरे ‘अमंग’, म्हणून मराठीतही ‘नागरिकांस’ आणि ‘सर्वांमध्ये’ असा भेद पडतो. साचा एक असला तरी प्रत्येक क्रियापद आपला सोबती आपण निवडते, ही गोष्ट रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातील लांबलचक याद्यांपेक्षा येथे लवकर पटते. (यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ या साहसकादंबरीने गाजले, हे त्या याद्या वाचून खरे वाटत नाही.)

उद्देशिकेची इंग्रजी शाळकरी मुलांना जड जाते हा आक्षेप खरा आहे. पण ती मुलांना अर्धीअधिक पाठ असते आणि तिचा मराठी अर्थ त्यांच्या हाताशी असतो, ही सोय गाळलेल्या जागांना कधीच लाभत नाही. 1976च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीचा एक तुकडा तर फळ्यावर सोडवण्याजोगा आहे: ‘युनिटी ऑफ द नेशन’ या मूळ शब्दांत ‘इंटेग्रिटी’ घालायची होती, आणि ती ‘युनिटी’च्या शेजारी, ‘ऑफ’च्या आधी बसवल्यामुळे दोन्ही नामांना जुना एकच ‘ऑफ’ पुरला, जसा मराठीत ‘राष्ट्राची’ हा एकच शब्द एकता आणि एकात्मता या दोहोंना पुरतो.