द्रवचालित क्लचमधील दोषनिदान

द्रवचालित क्लच म्हणजे पेडलवरील पायाचा दाब तारेऐवजी बंदिस्त द्रवाच्या साहाय्याने क्लचपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा होय. गिअर अडू लागला किंवा पेडल मऊ लागू लागले, की ‘क्लच गेला’ असे सरसकट म्हटले जाते. या दोन शब्दांत दोन अगदी भिन्न दोष एकत्र कोंबले जातात. एक दोष द्रवयंत्रणेतील, म्हणजे बहुधा झिजलेल्या रबरी वायसरचा किंवा नळीत शिरलेल्या हवेचा; दुसरा प्रत्यक्ष क्लच प्लेटचा, ज्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दोन्हींच्या खर्चात मोठे अंतर असते. घरी करावयाच्या तपासणीचा खरा उपयोग हे दोन दोष वेगळे ओळखण्यातच आहे.

रचना व कार्य

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवाला नळीतून पुढे ढकलतो. त्या दाबाने गिअरबॉक्सजवळील स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या सरकतो, रिलीज बेअरिंग पुढे जाते आणि प्लेट मोकळी होऊन इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध सुटतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांचा नियम येथे कामी येतो.

उदाहरणार्थ, मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मिमी व स्लेव्हचा २० मिमी असेल, तर मास्टरचा दट्ट्या २५ मिमी सरकल्यावर स्लेव्हचा दट्ट्या १६ मिमी सरकतो. या हालचालीत पुढे गेलेला द्रव केवळ ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा भरतो. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. त्यामुळे १ मिलिलिटर हवा जरी आत शिरली, तरी १६ मिमीपैकी सुमारे ३ मिमी सरक वाया जाते आणि प्लेट पूर्ण सुटत नाही. एवढ्याशा हवेने गाडी अडते, याचे कारण हे आहे.

तपासणी

प्रथम टाकीतील द्रवाची पातळी पाहावी. हा द्रव वापराने संपत नाही. उलट, प्लेट झिजत जाते तसा बहुतेक रचनांत स्लेव्हचा दट्ट्या मागे ढकलला जातो व टाकीतील पातळी किंचित वाढते. म्हणून पातळी घटली असेल, तर गळती आहे असेच समजावे. केवळ वरून भर घालणे हा उपाय नव्हे. अनेक मोटारींत ब्रेक व क्लच यांची टाकी एकच असते, त्यामुळे अशी गळती दुर्लक्षिणे धोक्याचे ठरते.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. मास्टर सिलिंडर गळत असल्यास पेडलच्या दांड्यावर किंवा पायाखालील गालिच्यावर ओल दिसते. स्लेव्ह बाहेर बसविलेला असल्यास त्याचे रबरी टोपण थोडे सरकवून आत पाहावे. पाण्याने सहज धुतला जाणारा डाग या द्रवाचा. तसा न जाणारा इंजिन किंवा गिअरच्या तेलाचा.

त्यानंतर गाडी सपाट व मोकळ्या जागी उभी करून हँडब्रेक लावावा. इंजिन मंद चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, काही सेकंद थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकून पाहावा. खर्र असा आवाज आल्यास प्लेट पुरती सुटत नाही. पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर हवा किंवा कमी द्रव हे कारण संभवते. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर मास्टरमधील वायसर आतल्या आत द्रव सोडत आहे.

निर्णायक कसोटी मोजपट्टीची आहे. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने स्लेव्हच्या दांड्याची सरक मोजून ती वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावी. सरक कमी भरल्यास दोष द्रवयंत्रणेत आहे. ती पुरेशी असूनही गिअर अडत असल्यास दोष प्लेट, फोर्क किंवा बेअरिंग यांत शोधावा. गाडीखाली जावे लागल्यास ती केवळ जॅकवर उचललेली नसावी. भक्कम स्टँड व चाकांना उटी आवश्यक.

इंजिनाचा वेग वाढतो पण गाडी ओढत नाही, हे लक्षण बहुतांशी झिजलेल्या किंवा तेल लागलेल्या प्लेटचे असते. क्वचित मास्टरचे परतीचे छिद्र बुजल्याने दाब अडकून राहिला, तरी असेच घडते.

हवा काढणे

स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवावे. साथीदाराने पेडल दाबून धरल्यावर निपल सैल करावे, बुडबुडे निघू द्यावेत, निपल घट्ट करावे आणि त्यानंतरच पेडल सोडण्यास सांगावे. हा क्रम उलटला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. पेडल खालीच राहिल्यास ते हाताने वर घ्यावे. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये.

बाजारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणून मिळणारा डॉट ३ किंवा डॉट ४ द्रव वस्तुतः तेल नसून ग्लायकॉलवर आधारित असतो. तो हवेतील ओल शोषतो, म्हणून फोडून ठेवलेला जुना डबा किंवा बाटलीत उतरलेला द्रव पुन्हा वापरू नये. तो रंगावर सांडल्यास रंग निघतो. लगेच पाण्याने धुवावे. काही मोटारसायकलींच्या क्लचमध्ये मात्र खनिज तेल असते. चुकीचा द्रव घातल्यास रबरी वायसर फुगून निकामी होतात, म्हणून टाकीच्या झाकणावरील सूचना आधी वाचावी.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा

काही मोटारींत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, मुख्य दांड्याभोवती बसविलेला असतो. तो गळू लागला की थेंब गिअरबॉक्स व इंजिन यांच्या सांध्याखालून पडतात. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवणे अटळ असते, आणि मग झिजत आलेली प्लेट त्याच खेपेस बदलून घेणे शहाणपणाचे. अन्यथा काही महिन्यांत उतरवणीची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.