गेमिंग संगणक : काटकसर कोठे करावी, कोठे टाळावी

वार्षिक परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत गेमिंग संगणकाची मागणी पुढे येते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील नोकरदार व लहान व्यापारी कुटुंबांना हा खर्च सहज पेलणारा नसतो. तथापि सुटे भाग विचारपूर्वक निवडून जुळवणी केल्यास वेगात फारशी उणीव न येता बरीच रक्कम वाचू शकते.

हिशेबाचा प्रारंभ पडद्यापासून व्हावा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात. 'फोर-के' पडद्यावर सुमारे ८३ लाख. प्रत्येक दृश्यासाठी ग्राफिक्स कार्डाला चौपट बिंदू रंगवावे लागतात. पडदा फुल एचडी ठरला की सर्वांत महागड्या कार्डाची गरजच उरत नाही.

एकूण रकमेतील सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा. खेळाचा वेग मुख्यतः त्यावरच ठरतो. प्रोसेसर मध्यम प्रतीचा पुरतो. एएमडीचा सहा कोअरचा 'रायझन ५ ५६००' हे त्याचे उदाहरण. तो जुन्या एएम-४ सॉकेटवर बसतो आणि घरातील डीडीआर-४ रॅम त्याला चालते; २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ सॉकेटला मात्र डीडीआर-५ रॅमच लागते. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडल्यास माहितीची ये-जा दोन मार्गांनी होते. रंगीत दिवे, काचेचा कॅबिनेट आणि पाण्याचा कूलर यांमुळे शोभा वाढते. खेळ मात्र वेगवान होत नाही.

पॉवर सप्लायच्या बाबतीत काटकसर महागात पडते. हलक्या प्रतीचा पॉवर सप्लाय बिघडताना इतर भागही निकामी करू शकतो. त्यावरील '८० प्लस' हे चिन्ह वीजवापराची कार्यक्षमता दर्शविते; गुणवत्तेची संपूर्ण हमी देत नाही. म्हणून कंपनीची वॉरंटी किती वर्षांची आहे, हेही पाहावे.

जुने कार्ड घेण्यात बचत मोठी, पण जोखीमही असते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी 'इथेरियम'ने आपली पद्धती बदलली आणि कार्डांवर होणारे त्याचे खाणकाम थांबले. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. असे कार्ड घेण्यापूर्वी अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून तापमान पाहावे आणि मूळ बिलावरील क्रमांक पडताळावा.

भाव पाहण्यासाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोडची एक फेरी करावी. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड स्थानकावर उतरता येते. तेथील भाव उल्हासनगर-कल्याणच्या दुकानांतील आणि ऑनलाइन भावांशी ताडून पाहावा. विनाबिल खरेदीत १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो. पण वॉरंटी मागण्याच्या वेळी हाती पुरावा राहत नाही.

रक्कम फारच तोकडी असल्यास अंगभूत ग्राफिक्स असलेला 'रायझन ५ ५६००जी' घ्यावा. अभ्यास आणि हलके खेळ लगेच सुरू होतात. स्वतंत्र कार्ड पुढील वर्षी जोडता येते.

या पट्ट्यात आणखी एक दक्षता हवी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली होती. तळमजल्यावरील घरात कॅबिनेट जमिनीवर न ठेवता मेजावर ठेवावा. या खबरदारीला पैसे पडत नाहीत.